प्रश्न क्रमांक त्रेपन्नवर माझी हरकत

मी एकोणसत्तराव्या वर्षी मानसशास्त्राच्या परीक्षेला बसलो. यात माझा दोष पहिल्या पंधरा मिनिटांपुरता आहे. पुढचं सगळं इतरांनी केलं.

जूनमधल्या एका सकाळी पोस्टमन खोकं घेऊन आला. आमचं गाव पौड रस्त्याला भुकूमच्या पुढं, आत वळून आहे. खोकी येतात ती नव्या इमारतींतल्या लोकांची. आमच्या आळीत खोकं आलं की चार माणसं हातातली कामं टाकून बघायला येतात. या खोक्यावर हेमलताचं नाव होतं. हेमलता म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तेव्हा अकरा आठवडे झाले होते.

"सही कुणाची घेऊ?" पोस्टमननं विचारलं.

"माझी घ्या."

"नातं लिहा."

हा माणूस बावीस वर्षं आमच्या घरी पत्रं टाकतोय. तरी मी "नवरा" असं लिहून दिलं. सरकारी कागदाशी वाद घालू नये, हे मी एसटीत सदतीस वर्षं वाहतूक नियंत्रक राहून शिकलो आहे. गावात मला अजून 'कंट्रोलर' म्हणतात. निवृत्तीनंतर कंट्रोल कशावरच राहिलेला नाही, पण नाव राहिलं.

खोक्यात मानसशास्त्राच्या तोंडओळखीची दोन पुस्तकं, प्रात्यक्षिकाची एक कोरी वही आणि एक पत्र होतं. "प्रिय विद्यार्थी, हार्दिक अभिनंदन." घरी बसून करायचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम. हेमलता सव्वीस वर्षं अंगणवाडीत होती, तिला पुस्तकांचं वेड होतं, हे मला माहीत होतं. पण हा फॉर्म तिनं कधी भरला ते मला माहीत नव्हतं.

शेजारचे कोंडाजी खोक्यावर वाकले. त्यांनी थोडी जमीन विकली, उरलेल्या जागेत खोल्या बांधून भाड्यानं दिल्या आणि आता ते दिवसभर ओट्यावर असतात. त्यामुळं त्यांचं प्रत्येक विषयात मत असतं.

"परत करा," ते म्हणाले. "मेलेल्या मानसाच्या नावावर वस्तू घरात ठिवू न्हाई. उद्या वारस नोंद लागंल."

"पुस्तकांना वारस नोंद लागत नाही, कोंडाजी."

"आज न्हाई लागत. उद्या लागंल."

सारजाबाई तिथंच टोपली घेऊन उभ्या होत्या. त्या वरच्या वाडीतून जांभळं, करवंदं घेऊन उतरतात. त्यांची तिन्ही पोरं हेमलताच्या हाताखालून गेली. त्या म्हणाल्या, "बाईंनी माझ्याम्होरंच फारम भरला व्हता. दवाखान्यातनं आल्या त्याच हप्त्याला."

"मला कसं सांगितलं नाही?"

"तुमी हसाल म्हनल्या."

 मी हसलो असतो, हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन मी अभ्यासकेंद्रावर गेलो. खिडकीत सोनल नावाची मुलगी होती. पुस्तकं परत द्यायची आहेत म्हटल्यावर तिनं एक फॉर्म पुढं केला. "प्रवेश रद्द करायला विद्यार्थ्याचा स्वतःचा अर्ज लागतो. सही जुळली पाहिजे."

"विद्यार्थिनी वारली."

"अरेरे. मग मृत्यूचा दाखला जोडा."

"जोडतो."

"आणि विद्यार्थ्याचा अर्ज."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं फॉर्मकडं बघितलं. चूक फॉर्मची आहे हे दोघांनाही कळलं, पण फॉर्म काही बोलेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "काका, पुस्तकं राहू द्या घरी. वाचेल कुणीतरी. अवघड आहेत म्हणा. या वयात काही डोक्यात शिरत नाही."

ती शेवटचं वाक्य स्वतःच्या आजोबांबद्दल बोलत होती, असं तिनं मागाहून सांगितलं. पण तोवर माझ्या नावाचा प्रवेश झालेला होता. हीच ती पंधरा मिनिटं.

आता परीक्षा म्हटली की माणूस नापास होतो आणि विसरून जातो. माझं तसं नव्हतं. माझा मुलगा निरंजन हिंजवडीला कंपनीत आहे, तिथंच सतराव्या मजल्यावर राहतो. हेमलता गेल्यापासून तो दर रविवारी यायचा आणि जाताना म्हणायचा, "बाबा, चला आता आमच्याकडे. इथं एकटे काय करता?" 'अभ्यास करतो' हे उत्तर मला फार सोयीचं वाटलं. त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. मला माझ्या घरातच राहायचं होतं. त्याची कारणं मला सांगता येत नव्हती, आणि ज्याची कारणं सांगता येत नाहीत त्याला मुलं हट्ट म्हणतात.

अभ्यास सुरू झाला. पहिले दोन धडे मी तीन-तीनदा वाचले. तिसऱ्या धड्यात मी अचानक जागा झालो. त्यात एका कुत्र्याची हकिकत होती. घंटा वाजवून खायला द्यायचं, असं बरेच दिवस केलं की पुढं नुसत्या घंटेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. म्हणजे हा मीच. अजूनही कुठं कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या की माझा हात खिशातल्या पेनाकडं जातो आणि मी घड्याळ बघतो. फरक एवढाच, की कुत्र्याला निदान खायला मिळत होतं.

कोंडाजींना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "घंटा कशाला? माझा कुत्रा घंटेबिगर बी तसाच हाय."

खरा घोटाळा प्रात्यक्षिकानं केला. वहीत पाच माणसांच्या दोन चाचण्या घेऊन लिहायच्या होत्या. ज्याची चाचणी घ्यायची त्याला पुस्तकात 'प्रयोज्य' म्हणतात. एक चाचणी स्मरणशक्तीची होती, दहा शब्द वाचून दाखवायचे आणि परत म्हणायला लावायचे. दुसरी चिंतेची. तिच्यात वीस वाक्यं होती आणि प्रत्येकापुढं 'कधीच नाही', 'कधी कधी' किंवा 'नेहमी' यांपैकी एकावर खूण करायची. प्रयोज्य पूर्ण जागा असावा, असं पुस्तकात म्हटलं होतं, म्हणून मी कोंडाजी उठायची वाट बघत पाऊण तास त्यांच्या ओट्यावर बसलो.

"कोंडाजी," मी पॅड मांडीवर घेतलं, "तुम्हाला रात्री झोप लागते का?"

"कशापायी इचारताय?"

"परीक्षेसाठी."

"कंची योजना हाय?"

"योजना नाही."

"मंग फारम कशाला?" ते सरळ बसले. "काय लिवलं म्हंजी यादीत नाव येतंय?"

मी यादी नाही असं सांगितलं. तीन वेळा सांगितलं. आमच्याकडं एखादा माणूस यादी नाही असं तीन वेळा सांगतो, याचा अर्थ यादी आहे आणि ती भरत आलेली आहे.

"नेहमी लिवा," कोंडाजी म्हणाले. "समदीकडं नेहमी."

"'मला विनाकारण रडू येतं'?"

"नेहमी."

"'माझी भूक मेली आहे'?"

"नेहमी." एवढं बोलून त्यांनी सुनेला भजी कुठवर आली ते विचारलं.

"'लोक माझ्याविरुद्ध कट करत आहेत असं मला वाटतं'?"

"वाटतंय काय? करत्यातच. त्यो धाकट्या पातीचा इश्राम, त्यानं बांध कोरलाय माझा. त्येचं नाव लिवा तितं."

विश्राम हे कोंडाजींचे चुलतभाऊ. नाव लिहायला जागा नाही म्हटल्यावर कोंडाजी म्हणाले, फॉर्म अर्धवट छापलाय.

तिसऱ्या प्रहरापर्यंत माझ्या अंगणात तीस-पस्तीस माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो. वरच्या वाडीतनंही बायका उतरल्या होत्या. 'चिंतेचं अनुदान आलंय' इथपर्यंत बातमी गेली होती. मला पाचच माणसं हवी होती. पण पाच घेऊन बाकीच्यांना परत पाठवलं असतं तर मी या गावात राहू शकलो नसतो, आणि माझी सगळी धडपड तर या गावात राहण्यासाठीच चालली होती. मी सगळ्यांच्या चाचण्या घेतल्या. उत्तर एकच. नेहमी. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे आमचं गाव तातडीनं दवाखान्यात भरती करायला हवं होतं.

खरं फक्त सारजाबाई बोलल्या. "मला चिंता न्हाई. कधी कधी लिवा."

मागची बाई ओरडली, "अगं ये बाय, नाव कटंल!"

"कटू दे. बाईंची वही हाय ती, खोटं कशाला लिवू?"

वही माझी होती, पण मी दुरुस्ती केली नाही. मग मी त्यांना दहा शब्द वाचून दाखवले. त्यांनी दहाच्या दहा सांगितले, ओळीनं. वर म्हणाल्या, "सातव्याच्या आदी तुमी खाकरला व्हता." सारजाबाईंना वाचता येत नाही. घरच्यांची जन्मसालं, कुणाकडं किती जांभळं दिली, कुठली गाडी कुठं थांबते, सगळं डोक्यात ठेवावं लागतं. असा प्रयोज्य पुस्तक लिहिणाऱ्यांना मिळाला नसावा, नाहीतर तक्ता वेगळा झाला असता.

संध्याकाळी अण्णासाहेब आले. हे आमचे माजी सरपंच. पद जाऊन नऊ वर्षं झाली, पण ते अजून बोलताना 'आम्ही' म्हणतात.

"कंट्रोलर, गावात सर्व्हे होतो आणि आम्हाला कळत नाही?"

"सर्व्हे नाही, अण्णासाहेब. अभ्यास आहे."

"परवानगीचं पत्र?"

"अभ्यासाला पत्र लागत नाही."

"पस्तीस लोकांच्या आधारच्या झेरॉक्स तुमच्याकडं आहेत. उद्या काही झालं तर लोक आम्हाला विचारणार. तालुक्याचं पत्र आणा. मग बघा, पहिला फॉर्म आम्ही भरतो." जाता जाता त्यांनी आवाज खाली आणला. "ते नेहमी लिहायचं म्हणतात ते खरं का?"

पत्रासाठी मी एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथं माझं अजून काम पडतं. तिथल्या माणसानं अर्जावरचा विषय मोठ्यानं वाचला. 'मानसिक चिंतेच्या चाचणीबाबत.' "हे आमच्याकडं नाही, काका. आरोग्याकडं." आरोग्याकडं म्हणजे सरकारी दवाखान्यात. तिथं खिडकीपुढं रांग होती, मी रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या सिस्टर वर न बघता म्हणाल्या, "नाव, वय, तक्रार."

"मानसिक चिंतेबाबत," मी म्हणालो, आणि अर्ज पुढं केला.

तेव्हा मात्र त्यांनी वर बघितलं. फार मायेनं बघितलं. "बसा काका. घरी कोण असतं?"

"कोणी नाही. बायको वारली. पण मी त्यासाठी..."

"कधी?"

"मार्चमध्ये. पण मला पत्र..."

"झोप लागते का?"

आणि त्यांनी मला तेच वीस प्रश्न विचारले. तेच, त्याच क्रमानं. कुठल्या उत्तराला किती गुण पडतात हे मला पाठ होतं, म्हणून मी बेताबेतानं उत्तरं दिली. तरी मध्यम निघालो. पत्र मिळालं नाही. केस पेपर मिळाला. केस पेपर लपवता येत नाही. घडी घातली तरी खिशातून वर येतो. परतीच्या गाडीत आमच्या गावची दोन माणसं होती.

गावानं मग सगळं नीट जुळवलं. बायको गेली, कंट्रोलरच्या डोक्यावर परिणाम झाला, त्याला तालुक्यात औषधं चालू आहेत, आणि तो लोकांना झोप लागते का विचारत फिरतो ते त्यातलंच. फायदा एवढाच झाला, की लोक आधारच्या झेरॉक्स आपणहून परत घेऊन गेले. कोंडाजी माझ्याशी एकदम हळू आवाजात बोलायला लागले. ते मला जास्त लागलं.

रविवारी निरंजन आला, तो दारातच म्हणाला, "बाबा, तुम्ही ट्रीटमेंट घेताय आणि आम्हाला सांगत नाही?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. खोकं, सोनल, कोंडाजी, यादी, अण्णासाहेब, सिस्टर. सांगताना माझ्या लक्षात आलं, की ही हकिकत ऐकणारा माणूस सांगणाऱ्याला ताबडतोब घेऊन जाईल.

"बॅग भरू या," निरंजन म्हणाला.

"मी ठीक आहे."

"बाबा, पस्तीस लोकांना तुम्ही रडू येतं का विचारलंत."

"अभ्यासक्रमात आहे ते!" माझा आवाज चढला. आणि मग मी जे बोललो ते रागात बोललो. "या परीक्षेत पास झालो, तर मी इथं एकटा राहायला लायक आहे असं समज. नापास झालो तर टेम्पो आण. मी स्वतः सामान चढवीन."

निरंजननं माझ्याकडं बघितलं. तो हिशेबी मुलगा आहे. "ठरलं," तो म्हणाला. तो गेल्यावर मी पुस्तक उघडलं. अजून नऊ धडे बाकी होते आणि पाचवा मला कळला नव्हता.

मला वाचवलं ते माझ्या सुनेनं. गौतमीचा सोमवारी फोन आला. "बाबा, रोज सहा वाजता फोन उचलायचा. आमची ऑफिसची कॅब चौकात सव्वा तास उभी असते. मी प्रश्न विचारते, तुम्ही उत्तरं द्या. निरंजनला सांगू नका." पुस्तकाच्या मागच्या सरावप्रश्नांचे फोटो मी तिला पाठवले. मग हिंजवडीच्या गर्दीत माझा अभ्यास सुरू झाला. पावसात तर धडेच्या धडे व्हायचे. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळं चार दिवसांत अख्खी कॅब अभ्यासाला लागली.

"बाबा, बक्षीस दिल्यानं वागणूक पक्की होते, त्याला काय म्हणतात?"

"थांब, सांगू नको. प्र... प्रब..."

मागून एक मुलगा ओरडला, "अंकल, ऑप्शन सी!"

"मनीष, यार, उनको खुद बोलने दो!" दुसऱ्या कुणीतरी त्याला दटावलं.

"प्रबलन," मी म्हणालो, आणि कॅबमध्ये टाळ्या झाल्या. मला सदतीस वर्षांच्या नोकरीत टाळ्या एकदाच मिळाल्या होत्या, निरोप समारंभात, आणि त्या लोकांना घरी जायची घाई होती.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात शिरलो तर सगळा वर्ग उभा राहिला. पर्यवेक्षक मुलगीही खुर्चीवरून उठली. "सर, तुम्ही बाहेरून आलात का?" मी म्हटलं, "हो, पौड रस्त्यावरून." हॉल तिकीट दाखवल्यावर सगळे बसले. मला शेवटचा बाक मिळाला. माझ्या शेजारच्या मुलीनं हळूच विचारलं, "आजोबा, चौथा धडा झालाय तुमचा?" म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये मी पहिल्या दोन मिनिटांतच बरोबरीचा झालो होतो.

ऐंशी प्रश्न, प्रत्येकापुढं चार गोल, एक काळा करायचा. लेखीत पास व्हायला बत्तीस लागतात. मी सावकाश पण बरा चाललो होतो. मग प्रश्न क्रमांक त्रेपन्न आला.

'पत्नीच्या निधनानंतर एक गृहस्थ रोज दोघांचा चहा करतात. हे कशाचे उदाहरण आहे? (अ) नकार (ब) सवय (क) विस्मृती (ड) भ्रम.'

मी पेन खाली ठेवलं. आजूबाजूला बघितलं. सगळे खाली माना घालून गोल भरत होते. मला आधी वाटलं, कोंडाजींनीच कुणाला तरी सांगितलं. मग वाटलं, नाही, हा दुसरा कुणी गृहस्थ असणार.

'नकार' म्हणजे जे झालं ते झालंच नाही असं मन धरून बसतं. आठव्या धड्यात आहे. पुस्तकाच्या मनात काय उत्तर आहे ते मला दिसत होतं. (अ) काळा केला की पुढं जाता आलं असतं. पण (अ) काळा करायचा म्हणजे त्या गृहस्थाबद्दल खोटं लिहायचं. मी चौदा मिनिटं बसून राहिलो. मग (ब) काळा केला, नीट, रेषेबाहेर न जाता. त्या चौदा मिनिटांमुळं शेवटचे पाच प्रश्न राहिले.

निकाल ऑक्टोबरात लागला. प्रात्यक्षिकात मी उत्तम पास होतो. वहीवर परीक्षकांनी लाल शाईनं शेरा मारला होता, 'नमुन्यातील चिंतेचे प्रमाण धक्कादायक आहे. या परिसराचा सखोल अभ्यास व्हावा.' लेखीत एकतीस.

निरंजन रविवारी आला. त्याला निकाल कळला होता. पावसाळ्यात भिंतीला ओल आली का ते त्यानं बघितलं. कोंडाजी ओट्यावरून आमच्याकडं बघत होते. शेवटी तो म्हणाला, "बाबा, टेम्पो पुढच्या आठवड्यात सांगू का? घाई नाही. पण ठरलं होतं."

"ठरलं होतं," मी म्हणालो. "एक काम आहे आधी. उत्तरसूचीवर हरकत घ्यायला सात दिवस देतात. त्रेपन्नावर मला हरकत घ्यायची आहे. ते ऑनलाइन आहे, मला जमत नाही. तू टाइप कर."

त्यानं लॅपटॉप उघडला. मी चहा टाकायला आत गेलो. आतूनच मी प्रश्न सांगितला. 

"कारण लिहा म्हणतायत, बाबा. दोनशे ऐंशी अक्षरांत."

"लिही. सदर गृहस्थांस पत्नीचे निधन झाल्याचे पूर्ण माहीत आहे. मृत्यूचा दाखला त्यांनी स्वतः रांगेत उभे राहून आणला आहे. रेशन कार्डावरचे नाव त्यांनीच कमी करून घेतले. त्यामुळे नकाराचा प्रश्न येत नाही. परंतु चहाचे माप त्यांच्या हाताला बेचाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. पाणी ओतताना ते मोजत नाहीत. दूधही मोजत नाहीत. उकळी आल्यावर त्यांच्या लक्षात येते."

निरंजन टाइप करत होता. मग थांबला. "तीनशेच्या वर गेलं. रेशन कार्डाचं काढू?"

"काढ."

"'दाखला स्वतः रांगेत उभे राहून' हे?"

"ते ठेव."

"मग 'दूधही मोजत नाहीत' काढावं लागेल."

"ते पण ठेव. 'सदर' काढ. 'परंतु' काढ."

तो खाली मान घालून एकेक शब्द काढत होता. दोनशे ऐंशीला चार कमी असताना थांबला. "आता पुरावा जोडा म्हणतायत. पुस्तकाचं पान, किंवा दुसरं काही."

"पुस्तकाचं पान त्यांच्या बाजूचं आहे," मी म्हणालो, आणि ट्रे त्याच्यासमोर ठेवला.

निरंजननं ट्रेकडं बघितलं. मग माझ्याकडं. मीही ट्रेकडं बघितलं. आम्ही दोघं होतो आणि कप तीन होते.

 त्यानं खिशातून मोबाइल काढला, ट्रेचा फोटो घेतला आणि पुराव्याच्या जागी जोडला. साइटनं फोटो मोठा आहे म्हणून दोनदा परत केला, तिसऱ्या वेळी घेतला. मग तो म्हणाला, "जास्तीच्या कपाचं काय करता रोज?"

"पितो. मागाहून. गार झाल्यावर."

"गार चहा तुम्हाला आवडत नाही."

"नाही आवडत."

त्यानं तिसरा कप उचलला, ओट्यावर नेला आणि कोंडाजींना दिला. कोंडाजींनी बशीत ओतून एक घोट घेतला, "साखर कमी हाय," म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात.

निरंजन आत आला आणि हरकत पाठवली. पडद्यावर आलं, 'आपली हरकत विचाराधीन आहे.'

"म्हणजे अजून तुम्ही नापास झालेले नाही," तो म्हणाला.

"पासही नाही."

"नाही. पण निर्णय लागेपर्यंत टेम्पो सांगता येणार नाही. ठरलं तसं ठरलं." हे बोलताना तो लॅपटॉपच्या वायरची फार काळजीपूर्वक गुंडाळी करत होता.

मी सदतीस वर्षं नोकरी केली आहे. 'विचाराधीन' हा शब्द किती जगतो ते मला माहीत आहे. नोव्हेंबर गेला, संक्रांत गेली. निरंजन दर रविवारी साइट उघडून बघतो, "तसंच आहे, बाबा," म्हणतो आणि जेवायला बसतो. गौतमीनं पुढच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म आणून ठेवला आहे. अण्णासाहेबांनी मला दोनदा विचारलं, की साहेब ओळखीचे आहेत, एक फोन टाकू का. मी हात जोडले.

आणि मागच्या मंगळवारी विद्यापीठातून फोन आला. आवाज तरुण होता, अदबीनं बोलत होता. "काका, तुमची त्रेपन्नची हरकत माझ्या टेबलावर आहे. बरीच जुनी झाली. तुम्हाला फार थांबावं लागलं. म्हणत असाल तर आजच निकाली काढतो."

उभ्या आयुष्यात कुठल्याही कार्यालयाला मी असं कधी बोललो नव्हतो.

"सावकाश होऊ द्या, साहेब," मी म्हणालो. "मला काही घाई नाही."